सर्वांच्या उपवासाच्या दिवशी सहभोजन

प्रति,
मा. उद्यान अधिकारी,
पुन्नई उद्यान कार्यालय,
मैलापूर, चेन्नई.

विषय: सर्वधर्म स्नेहमेळाव्याच्या सहभोजनासाठी पुन्नई उद्यानाचे फाटक शुक्रवार, दि. २७ फेब्रुवारी २०२६ रोजी सायंकाळी सहाऐवजी आठ वाजता बंद करण्याबाबत.

संदर्भ: १) त्याच दिवशी दुपारी दोन ते चार या वेळेची, आपणच दिलेली परवानगी.
२) "खरं कारण काय ते लिहून आणा" ही आपण खिडकीपाशी मराठीत दिलेली तोंडी सूचना.

महोदया,

१. कार्यालयासाठीचा रीतसर तमिळ अर्ज सोबत जोडला आहे. त्यात वेळ बदलण्याचे कारण 'अपरिहार्य' एवढेच दिले होते. आपण खरे कारण मागितलेत, तेही मराठीत. आणि तंजावरकडच्या माणसाला चेन्नईच्या सरकारी खिडकीतून मराठी ऐकू आली की तो विरघळतो. म्हणून विमा कार्यालयातून निवृत्त झालेला अर्जदार राघोत्तम, सदर मेळाव्याचा मुख्य स्वयंसेवक (तसा बिल्ला त्याने स्वतःच करवून घेतला आहे), लाज बाजूला ठेवून पुढील हकिकत सादर करीत आहे.

२. तारीख ठरवण्यासाठी पोंगलच्या सुमारास तीन प्रमुख स्वयंसेवक अर्जदाराच्या ओसरीवर बसले होते: स्वतः अर्जदार, त्याच्या भिंतीला भिंत लागून राहणारे, पूर्वी चष्म्याचे दुकान चालवणारे जमाल मोहिद्दीन साहेब, आणि निवृत्त मुख्याध्यापिका स्टेला मॅडम. कोणाच्या सणावर आपला कार्यक्रम येऊ नये, म्हणून सगळ्यांचे सण कॅलेंडरवर तांबड्या पेन्सिलीने खोडायचे ठरले. परंतु आपलेच घोडे पुढे दामटणे शोभत नाही. त्यामुळे प्रत्येकाने सौजन्याने दुसऱ्याचे सण खोडले. जमालसाहेबांनी हिंदूंचे, स्टेला मॅडमनी मुसलमानांचे आणि अर्जदाराने ख्रिश्चनांचे. शनिवार पेरुमाळच्या दर्शनाचा आणि रविवार चर्चचा म्हणून तेही गेले. शुक्रवारचे काय, असे विचारता जमालसाहेब म्हणाले, "नमाज आटोपून दोनपर्यंत येतो की, सार. माझ्यासाठी कशाला अडता?" अशा रीतीने सत्तावीस तारीख निष्कलंक उरली. अर्जदाराने टाळ्या वाजवल्या.

३. सण खोडले, पण उपवास कोण खोडणार? जमालसाहेबांनी एकादशी मोजायचे काही कारण नाही. स्टेला मॅडमच्या हिशेबी रमजान म्हणजे शेवटची ईद. आणि ख्रिश्चनांना गुड फ्रायडेच्या आधी चाळीस दिवस पथ्य असते, हे अर्जदाराच्या गावीही नव्हते. परिणामी सदर दिवशी जमालसाहेबांकडे रोजा आहे, स्टेला मॅडमकडे तपःकाळातला शुक्रवार आहे आणि अर्जदाराकडे एकादशी आहे. गल्लीतली निम्मी माणसे उपाशी असण्याचा हा एकमेव दिवस समितीने अचूक शोधून काढला. निमंत्रणपत्रिका तोवर वाटून झाल्या होत्या. त्यांत 'भरपेट' हा शब्द अर्जदारानेच आग्रहाने घातला होता.

४. घोटाळा प्रथम लक्षात आला तो अर्जदाराच्या पत्नी विजयलक्ष्मी यांच्या. पत्रिका हातात धरून त्या म्हणाल्या, "अय्यो! जगातल्या सगळ्या धर्मांचं बघायला गेला, आपल्या घरातली एकादशी दिसली नाही? आता पाहुण्यांस काय, उपाशी जेवू घालणार?"  जन्मभर एकादशी करणाऱ्या अर्जदाराने बिल्ला काढून खिशात ठेवला.

५. मग दुपारची पंगत सूर्यास्तावर नेण्याचे ठरले. समितीने पुन्हा बसून, या वेळी मात्र प्रत्येकाने आपापले तोंड उघडून, पदार्थ ठरवायला घेतले. मशिदीची कंजी, म्हणजे रोजा सोडतानाची पेज, सुचली. तीत तांदूळ, म्हणून एकादशीला वर्ज्य, आणि मटणही, म्हणून स्टेला मॅडमना वर्ज्य. मटण काढले तरी तांदूळ राहिला. तांदूळ काढला तर कंजी राहीना. इडली, पोंगल, सांबारभात सगळेच एकेक करून पडले. उपमा टिकेल असे वाटले होते, पण अर्जदाराच्या घरी एकादशीला रवाही चालत नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दूध आणि फळे तेवढी चालतात. आचाऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि आपली मोठी पातेली एका लग्नाला देऊन टाकली. अखेर सर्व धर्मांना एकमताने मान्य असलेली वस्तू एकच सापडली: केळे.

६. एवढे झाले तर तारीखच पुढे का ढकलत नाही, असे आपण विचाराल. तेच खरे कारण आहे. जमालसाहेब शनिवारी सकाळी घर सोडून तांबरमला मुलाकडे राहायला जात आहेत. सामानाची लॉरी ठरली आहे. तांबरम काही परदेश नव्हे. पण जमालसाहेब आणि अर्जदार या दोघांचे गुडघे आता स्टेशनचे जिने मानत नाहीत, आणि "येत जा हो" म्हणणारी माणसे किती येतात हे दोघेही जाणून आहेत. इतकी वर्षे भिंतीला भिंत लावून काढली. दरवर्षीच्या मेळाव्यात जमालसाहेब पाणी वाढत आले आणि अर्जदार सांबार. शेवटची पंगत उठेपर्यंत भांडी खरवडलेली असत, आणि दोघे आपापल्या घरी जाऊन दहीभात खात. गेल्या वर्षी रिकामी बादली उपडी घालता घालता जमालसाहेब म्हणाले, "पुढच्या खेपेला आपण दोघं शेजारी शेजारी बसू, सार. वाढू दे दुसऱ्या कुणाला." अर्जदाराने शब्द दिला. त्या शब्दासाठी त्याने चार वेळा खिडकीपाशी रांग लावली आहे, आणि जमालसाहेब जाणार म्हणून त्याला फार वाईट वाटते, हेही येथे नमूद करतो.

७. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि आपले फाटक सहाला बंद होते. मधल्या पाव तासात सारा मेळावा अडकला आहे. तरी फाटक आठपर्यंत उघडे ठेवण्याची मेहरबानी व्हावी. उद्यान झाडून देण्याची हमी समिती देते. साली गोळा करण्याचे काम मुख्य स्वयंसेवकाकडे राहील. आपल्या घरीही त्या दिवशी एकादशी असेल, तर आपणही यावे. येताना वाढप्यांची चिंता करू नये. या वर्षी वाढण्यासारखे काही नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत प्रथमच आम्हा दोघांना बसायला मिळणार आहे.

परवानगीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला, आपला नम्र,

(सही)
राघोत्तम
मुख्य स्वयंसेवक, सर्वधर्म स्नेहमेळावा समिती
मैलापूर, दि. २३ फेब्रुवारी २०२६

सोबत:
१) तमिळ अर्ज.
२) निमंत्रणपत्रिका ('भरपेट' शब्दावर काट मारून).
३) पूवन केळ्यांची एक फणी. ही लाच नसून भोजनाचा संपूर्ण नमुना आहे.