पाचवं पान आणि खालची खोली

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि रागात लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. रागाला दाखला लागत नाही.

१. घर माझं आहे. छापील कागदांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले आणि पुस्तकं शिवून हे घर घेतलं. दिरांच्या कारखान्यातला एक खिळाही यात नाही. ते अजून "आमच्या दादाचं घर" म्हणत फिरतात, म्हणून हे कलम सगळ्यात आधी.

२. खालची खोली, खुर्च्या आणि चहाच्या भांड्यांसकट, मंगळवारच्या सभेला द्यावी. ही सभा दारू सोडलेल्यांची आणि सोडू बघणाऱ्यांची. एका दवाखान्याचा अहवाल बांधताना शेवटच्या पानावर मला तिचा पत्ता दिसला. मी तो कापून यजमानांच्या डब्याच्या झाकणात ठेवला. तीन आठवडे तो झाकणात तसाच परत आला. चौथ्या मंगळवारी म्हणाले, "दारापर्यंत चल. आत मी जातो." त्यानंतर ते सात महिने गेले. त्या सात महिन्यांत त्यांनी घरातला प्रत्येक नळ दुरुस्त केला. जो गळत नव्हता, तोसुद्धा.

३. यात माझी चूक आहे, ती इथेच लिहिते, म्हणजे दिरांना सांगायला काही उरणार नाही. सभेत कोणी आडनाव सांगत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी त्यांना मनातलं लिहायला मी एक वही बांधली आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत त्यांचं पूर्ण नाव उठवलं. ते म्हणाले, "नाव कशाला गं?" मी म्हणाले, "चांगली वही बिननावाची शोभत नाही." धंद्याची घमेंड, दुसरं काय.

यजमान दिरांच्याच कारखान्यात कामाला होते; ती वही तिथे त्यांच्या खणात राहिली. दिरांनी नाव बघितलं, वही उचलली आणि सगळ्या कामगारांसमोर चौथं पान मोठ्याने वाचलं. त्यात असं होतं: मी मुलाच्या शाळेच्या फाटकात पडलो होतो, आणि त्याने मला ओळख दाखवली नाही. कामगार हसले. दीर म्हणाले, "अरे दादा, वहीत कसला रडतोस? घे एक, मोकळा हो." यजमानांनी पेला घेतला. ते पुन्हा सभेला गेले नाहीत. दोन वर्षांनी मी विधवा झाले.

४. सबब, दिरांना त्या वहीचं पाचवं पान द्यावं. त्यांनी चौथ्यावर वाचन थांबवलं होतं. पाचव्यावर यजमानांनी लिहिलंय, "धाकट्या भावाला पहिला घोट मीच पाजला. तो चौदा वर्षांचा होता. त्याची माफी मागायची आहे, धीर होत नाही." शिवण मी स्वतः उसवून ठेवली आहे. हे पान त्यांनी जाऊबाईंसमोर वाचावं. मोठ्याने. आवाज त्यांचा चांगला आहे.

दीर कधी सभेला आले, तर त्यांना दारातून परत पाठवू नये. तिथला नियम तसा आहे. माझा असता तर पाठवलं असतं.

५. पुस्तकं दाबायचा शिकंजा, दाभणं आणि सरसाचं भांडं सभा चालवतात त्या सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांना. सोनेरी अक्षरांचे ठसे कोणालाही देऊ नयेत. वितळवावेत.

६. वरचा मजला मुलाला. त्याचं वय बेचाळीस. तो पितो, आणि वर मलाच सांगतो, "मी बाबांसारखा नाही, आई. मी कधी रस्त्यात पडलोय का?" नाही पडला. जिन्यात पडतो.

जिना खालच्या खोलीतूनच वर जातो. बाहेरून दुसरा जिना काढू नये. काढल्यास वरचा मजलाही सभेचा. मंगळवारी सहा ते साडेसात त्याला घरात यायचं, तर त्या माणसांमधून यावं लागेल. नाहीतर बाहेर पायरीवर बसावं. सभेला बस असं मी त्याला लिहून सांगत नाही. सांगून झालंय.

सभा आधी एका शाळेत भरायची; शाळेने आपली खोली परत घेतल्यापासून, म्हणजे महिनाभर, ती आमच्याकडेच भरते. तीन मंगळवार तो पायरीवर बसला. गेल्या खेपेला बाहेरून ओरडला, "चहा तरी द्या रे!" सुतार म्हणाले, "चहा आत असतो." तो उंबऱ्यात उभा राहून प्यायला, कप ठेवला आणि कोणाकडे न बघता वर गेला. कप विसळला नाही.

७. जिन्याच्या पहिल्या पायरीशी एक खुर्ची आहे. ती कायम मोकळी ठेवावी. तिच्यावर छत्र्या, पिशव्या टाकू नयेत. खुर्चीवर एक कोरी वही आहे. मी बांधलेली शेवटची. तिच्यावर नाव नाही.

वरील सर्व मी लिहिलं, वाचलं, आणि मला ते मान्य आहे. साक्षीदार म्हणून शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई आणि आमचे डॉक्टर यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, 'रागात' हा शब्द खोडायचा का?" मी म्हणाले, तुम्ही सही करा.

ठिकाण: खालची खोली. आज मंगळवार, महिन्याची नऊ तारीख, सायंकाळचे सव्वासहा. सभा सुरू झाली आहे. बाहेर पायरीवर चपला वाजल्या. चाल ओळखीची आहे. दार उघडं आहे. बोलावणार मी नाही.