सुटलेला सेन्सर

ती. बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, काळजी नसावी. आईचा ताप उतरला का?

आमच्या प्रयोगशाळेतल्या वडीची बातमी तुम्ही गल्लीभर केलीत, असं ताई म्हणाली. एका बाजूनं तापवली आणि दुसरी गार ठेवली, की ही नखाएवढी वडी वीज देते. परवा तिनं आम्ही अपेक्षा धरली होती त्याच्या दुप्पट वीज दिली. सरांना आकाश ठेंगणं झालंय; उद्या पाहुण्यांसमोर जाहीर करणार आहेत.

आज मी मोजणीचं यंत्र उघडलं. गरम बाजूचं तापमान मोजणारा सेन्सर वडीपासून सुटला होता. वडी यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त तापली होती, म्हणून वीजही जास्त! तो सेन्सर मीच चिकटवला होता. लहानपणी माझ्या काखेतलं थर्मामीटर तुम्ही दाबून धरायचात, "सरकलं की खोटं बोलतं" म्हणायचात. नेमकं तेच विसरले.

अजून कुणाला कळलेलं नाही. गप्प बसले तर इतक्यात कळणारही नाही, आणि माझ्या नोकरीची मुदतही वाढेल.

आईला एवढ्यात सांगू नका. हे पत्र पेटीत टाकते आणि तशीच सरांकडे जाते. तुम्हाला कळवलंय म्हटल्यावर मला माघार घेता यायची नाही.

तुमची,
धाकटी