विलायती बॉडी, अमेरिकन इंजिन

१२ सप्टेंबर, दुपारी
ही डायरी पोळ्यापासून लिहायची होती. आधी पेन नव्हता. पेन आणायला कोहमाऱ्याला आलो तर एक ट्रकवाला रायपूरला चालला होता. बसलो. परत यायला वेळ लागला. ते जाऊ द्या. आजपासून रोज लिहिणार.
मुद्दा असा, की वडशाहून ट्रकवर टाकून स्पोर्ट्स कार आणली. टू-सीटर, लाल, विलायती. बदल्यात माझी मोटरसायकल दिली. समोरचा माणूस लगेच तयार झाला. बिचाऱ्याला मार्केट माहीत नाही. गाडी कोहमाऱ्यालाच देवानंदच्या ढाब्यामागे ठेवली आहे. मीही तिथंच.

१५ सप्टेंबर
मोबाईलवर अभ्यास. युरोपची जुनी स्पोर्ट्स कार रिस्टोअर करून तिच्यात अमेरिकन इंजिन टाकलं, की लिलावात डॉलरमध्ये जाते. नुसत्या बॉडीला कोणी विचारत नाही, नुसत्या इंजिनालाही नाही. दोघांचं लग्न लागलं की भाव.
बोनेट उघडलं. आत काहीच नाही. चांगलं झालं, जुनं काढायचा त्रास वाचला. खाली लाकडाची फ्रेम निघाली. देवानंद हसला. विलायतेत काही गाड्यांना लाकडाचीच फ्रेम असते, मी वाचलं आहे. देवानंदचं शिक्षण कमी. माझी दहावी दोनदा झाली.
आजचा भाव: चाळीस लाख. कमीत कमी.

१९ सप्टेंबर
अमेरिकन इंजिन सापडलं. आपल्याच घरात!
रुख्मा आत्याबाईचे मालक, म्हणजे आमचे मामाजी, जिवंत होते तेव्हा त्यांनी मिलिटरीच्या जुन्या जीपचं इंजिन आणून धान भरडायच्या हलरला जोडलं होतं. अख्ख्या गावाचा तांदूळ त्याच्यावर निघतो. आत्याबाई अन् तिची रिंकू त्याच्यावरच जगतात. मी लहानपणापासून त्या इंजिनाच्या आवाजात झोपलो, पण ते अमेरिकन आहे हे कोणी सांगितलंच नाही. आपल्याकडे जनजागृती नाही.

२३ सप्टेंबर
गावी जाऊन आत्याबाईला समजावलं. धान निघायला महिना आहे, तोवर हलर तसाही रिकामा. इंजिन बसवतो, गाडी विकतो, तुला विजेवरची नवी मिल घेऊन देतो. रिंकूनं विचारलं, गाडी विकली तर इंजिन वापस कसं येईल? अन् गाडी नाही विकली तर नवी मिल कुठून येईल? मी चहा मागितला.
आत्याबाई बराच वेळ पदरानं इंजिनावरचा कोंडा पुसत राहिली. मग म्हणाली, "नवं धान घरी यायच्या आंदी कायी तरी चालू करून देजो, बाबू. लोकं दुसऱ्या मिलीत जाऊन लागले का मंग वापस येत नाहीत."
दिवाळीच्या आधी म्हटलं. माझा शब्द म्हणजे शब्द. हलरचा पट्टा तिथंच ठेवला, गाडीला तो लागत नाही.

६ ऑक्टोबर
खुशाल मिस्त्री म्हणतो, आधी खालून लोखंडी अँगल मार. मी नाही म्हटलं. ओरिजिनॅलिटी जाते, भाव पडतो. त्यानं खांदे उडवले अन् अँगल बाजूला ठेवला.
तेवढ्यात नागझिऱ्याचं अभयारण्य उघडलं, तर जिप्सीवाल्यांसोबत जाऊन आलो. वाघ दिसला नाही. पुण्याच्या एका पाहुण्याला गाडीचे फोटो दाखवले. "इंटरेस्टिंग" म्हणाला अन् आपल्या कारची काच वर केली. मोठे खरेदीदार असेच असतात.
भाव: साठ.

१६ ऑक्टोबर
इंजिन गाडीत ठेवलं. गाडीत राहिलं नाही. बॉडी मधोमध मोडली अन् इंजिन खालच्या दगडावर गेलं. खुशालनं ब्लॉकवरून हात फिरवला, एका जागी थांबला. "फुटलं गा. बोट जाते आत." वेल्डिंग कर म्हटलं. ओतीव लोखंड धरत नाही म्हणतो. त्याला कामाचा कंटाळा. नागपूरला चांगले मिस्त्री आहेत, उद्याच जातो.
मोडक्या गाडीला प्रोजेक्ट कार म्हणतात. तिचं मार्केट वेगळं.
भाव: सत्तर.

२३ ऑक्टोबर
दिवाळी झाली. नागपूरला गेलो नाही. गावालाही नाही. फोन सायलेंटवर आहे, बॅटरी वाचते.

५ नोव्हेंबर
देवानंदनं जेवताना सांगितलं. वडशाच्या नाटक कंपनीच्या खेळात हिरो ह्याच गाडीत बसून एंट्री घ्यायचा अन् दोन माणसं मागून वाकून ढकलायची. प्लायवूड, फायबर अन् लाल पेंट. त्यानं पहिल्याच दिवशी ओळखली होती.
मग सांगितलं काऊन नाही, असं मी विचारलं.
"तू भाव सांगून राहिला होता ना बे. ट्रकवाले बसून ऐकत. चहा खपे."
विचार केला. स्टेजवर चाललेली गाडी म्हणजे तिला हिस्ट्री आहे. हिस्ट्रीला लिलावात जास्त पैसे मिळतात.
भाव: एक कोटी. लिहिताना हात थांबला. पेन खराब आहे.

२८ नोव्हेंबर
रिंकूचा फोन चुकून उचलला. ओरडली असती तर बरं झालं असतं. लोक डोक्यावर धान घेऊन येत होते म्हणे, अन् आत्याबाई दारात उभी राहून सांगायची, चार दिवसात सुरू होते. मग लोकांनी येणंच बंद केलं. आता आत्याबाई बाजूच्या गावच्या मिलीत झाडू मारते. सांडलेली तांदळाची कनकी वेचून घरी आणते. धुळीनं खोकला धरला आहे.
"दादा, खरं सांग. इंजिन हाये का?"
आहे म्हटलं. खोटं नाही बोललो. समोरच होतं. एक ड्रायव्हर त्याच्यावर बसून भाजी-रोटी खात होता.

१८ जानेवारी
ठरलं. गावी जाऊन आत्याबाईला सगळं सांगायचं. पाय धरायचे. ह्याच आठवड्यात.

३१ जानेवारी
आज निघालोच होतो. फाट्यावर कचारगडच्या यात्रेची जीप उभी होती, एक जागा खाली होती. बसलो. तिथं देवाजवळ कबूल करू, मग आत्याबाईकडे, असा हिशेब केला. रांग फार मोठी होती.

४ फेब्रुवारी, सकाळी
देवानंद म्हणतो, राहायचं तर भांडी घास. घासतो आहे. गाडीचा लाल फायबरचा तुकडा त्यानं कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला. दाराशी रायपूरचा एक ट्रक उभा आहे, ड्रायव्हर ओळखीचा आहे. हा चहा संपला की निघेल. मीही निघेन. तिकडं म्हणे जुन्या बुलेटचं मार्केट आहे.
भाव लिहायचा राहिला. आजचा भाव

थांबा. गोंदियाच्या बसमधून आत्याबाई उतरली. एकटी. सडक अर्जुनीच्या बाजाराच्या पुढं ती कधी आली नाही. खांद्यावर हलरचा पट्टा आहे, गुंडाळून बांधलेला. माझं नाव घेऊन देवानंदला विचारते आहे. मी चुलीमागं बसून लिहितो आहे, सगळं ऐकू येतं.
"आमी हलर भंगारात देऊन राहिलो, बाप्पा. म्हटलं, पट्टा चांगला हाये, पोराच्या गाडीले कामी येईन."
देवानंदनं बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही. तिला इंजिन दिसलं.
पट्टा खाली ठेवला. पदरानं इंजिन पुसून राहिली आहे. ह्या बाजूनं. चीर त्या बाजूला आहे.