मजुरीच्या ओळीत काय लिहू

सोम. ३ फेब्रु.
बँकेतून फोन. कर्जाला तीन वर्षांचे हिशेब लागतील म्हणे, तेही 'व्यवस्थित टाइप केलेले'. माझ्याकडे तीन वह्या, बिस्किटाचे दोन डबे भरून बिलं, आणि बाकी सगळं डोक्यात. त्यातलं टाइप करण्यासारखं काही दिसत नाही.
गाळेवाला ३१ मार्चपर्यंत थांबतो म्हणालाय. नंतर मोबाइल कव्हरवाला तयारच आहे. रोडवरचा गाळा, समोर बस्त्याच्या साड्यांची दोन मोठी दुकानं. बस्ता बांधून बायका बाहेर आल्या की पहिली माझीच पाटी दिसणार. इथे शिवाजी पेठेत बोळाच्या टोकाला, घराच्या मागच्या खोलीत गिऱ्हाईक आणायचं म्हणजे फोनवर रस्ता सांगून घसा बसतो. "तालमीपासनं डावीकडं" म्हटलं की विचारतात, कुठली तालीम.
मला गाळा पाहिजे. हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते.

बुध. ५ फेब्रु.
मगदूम मॅडमकडे गेले. हिशेब, कर वगैरे बघतात. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, पण समोर बसलं की शाळेत गृहपाठ न केल्यासारखं वाटतं. पिशवी टेबलावर ओतली.
"थेट मंडईतून आलाय का?"
हसले. त्या नाही हसल्या. जमा, खर्च, उधारी, सगळं वेगळं काढायला सांगितलं. मग, "कामाला किती माणसं?"
"कुणी नाही. मी आणि आमची आक्का."
"त्यांना काय देता?"
"घरचीच आहे की."
त्यांनी पेन उचललं, कागदाजवळ नेलं आणि काही न लिहिता खाली ठेवलं. रिक्षात परतताना तेच पेन डोळ्यांसमोर.

रवि. ९ फेब्रु.
दिवसभर वह्या. चिंध्याच चिंध्या. प्रत्येक ब्लाउजच्या कापडाचा तुकडा स्टेपल केलेला, शेजारी नाव, माप, रक्कम, कोपऱ्यात 'मी' किंवा 'आ'. उद्या कोणी मणी सुटला म्हणून ओरडत आलं तर कोणाच्या हातचा ते कळायला पाहिजे, एवढ्यासाठीच ही खूण. जांभळी पैठणी, आ. मोरपंखी, आ. हळदीचा पिवळा, मी. शालूचा लाल, आ.
आक्का समोरच फ्रेमवर. माझी थोरली जाऊ. वरच्या मजल्यावर राहते. तिघांचा स्वयंपाक उरकून अकराला खाली येते, संध्याकाळी सहाला उठते. आरीकामाचा, म्हणजे आकडीच्या सुईनं करायच्या भरतकामाचा, क्लास मी केला, पैसे भरून. तीन वर्षांमागे तिला सुई धरायला मीच शिकवलं. सहा महिन्यांत तिचा हात माझ्यापुढे गेला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही.
"काय शोधाय लागलीस एवढं?" तिनं विचारलं.
"हिशेब."
"सापडला की सांग."

शुक्र. १४ फेब्रु.
'आ' मोजले. तीन वर्षांत ३४७.
'मी' मोजायचे राहिले. नंतर मोजेन.

सोम. १७ फेब्रु.
म. मॅडमनी विचारलं, हेच काम बाहेर दिलं तर मजुरी किती. म्हटलं, साध्याला आठशे, नवरीच्या जडाला अडीच हजार, सरासरी पंधराशे धरा. त्यांनी कॅल्क्युलेटरवर बोटं चालवून तो माझ्याकडे फिरवला. पाच लाख वीस हजार पाचशे. तीन वर्षांचा माझा नफा पाच लाख नव्वद. वजा केलं तर सत्तर हजार. महिन्याला दोन हजारसुद्धा नाहीत. मी धंदा करते असं मी पाच वर्षं लोकांना सांगतेय.
"मागचं सोडा," त्या म्हणाल्या, "जे दिलंच नाही ते खर्चात दाखवता येत नाही. कागद खरा आहे. पण बँक पुढच्या दोन वर्षांचा अंदाज मागते. त्यात मजुरीची ओळ असते. तिथं काय लिहू?"
"दोन्ही करून बघा की."
बघितलं. मजुरी लिहिली तर हप्ता बसत नाही. 'घरची माणसं करतात' असं लिहिलं तर आरामात बसतो.
"पुष्कळ लोक असंच लिहितात," म्हणाल्या. दिलासा देत होत्या की टोमणा मारत होत्या, कळलं नाही. ठरवून सांगते म्हणून आले.

मंगळ. १८ फेब्रु.
सुहासला सांगितलं. नवरा फौंड्रीतून येऊन चहा घेत होता. आधी हसायलाच लागला.
"घरात मजुरी? उद्या मी तुला गाडीवरनं सोडल्याचं बिल लावू काय?"
"आक्का रोज सात तास बसते."
"बसू दे की. वर एकटी बसून काय करणार? आणि दादाला कळलं तू तिला पगार देतीस, तर म्हणंल माझी बायको कामाला ठेवली."
यात चुकलंय कुठे ते नीट सांगता येईना. राग आला. जेवताना आमटी तिखट झालीय म्हणाला, त्यावर भांडले.

सोम. २४ फेब्रु.
पेठ वडगावच्या मायलेकी. लग्न १५ मार्चला. पाठीवर डोली, बाह्यांवर वेल, भरगच्च काम. आईनं मोबाइलवर माझी रील दाखवली, "असाच पायजे. काय हात हाय हो तुमचा!"
रीलमधला ब्लाउज आक्काचा. मी मान हलवली. तीन वर्षं मान हलवतेय.
आक्का चहा घेऊन आली. वडगावच्या बाईनं विचारलं, "ह्या मदतीला असत्यात व्हय?"
"आमच्या जाऊबाई," मी म्हटलं. एवढंच. पुढचं वाक्य तोंडात आलं होतं, गिळलं. आक्का कपबशा उचलून गेली, चेहऱ्यावर काही नाही. स्वतःची लाज वाटली. ॲडव्हान्स मात्र लगेच घेतला.

रवि. २ मार्च
डोकं चालवलं आणि घाण करून ठेवली.
पाकिटात पाच हजार घातले, आक्काच्या हातात दिले. वाटलं, सुरुवात तर करू.
"कुणाचं लगीन हाय?"
"लग्न नाही. तुमचेच. कामाचे."
तिनं पाकीट उघडलं नाही. "दिवाळीला साडी दिलतीस की."
"साडी वेगळी. हे महिन्याचे. आता दर महिन्याला..."
"म्हंजे मला कामाला ठेवलीस म्हण की."
पाकीट मशीनवर ठेवून वर गेली. चार वाजले होते. फ्रेमवर डोली अर्धी.

मंगळ. ४ मार्च
आली नाही. कालही नाही. वर भांड्यांचा आवाज येतो, म्हणजे घरातच आहे. हाक मारायला दोनदा जिन्यापर्यंत गेले, परत आले. मी काय वाईट केलं? पैसेच दिले ना? न देणारी चांगली होती, देणारी वाईट झाली.
अकरा दिवस उरलेत. डाव्या बाहीला मीच बसले.

बुध. ५ मार्च
दोन्ही बाह्या शेजारी ठेवल्या. उजवी तिची, डावी माझी. आंधळ्यालाही कळेल. माझ्या बाहीचं कापड चुणलंय, वेल आखडलेला. वडगावची बाई हे घेऊन माझ्या तोंडावर मारेल. मारायलाच पाहिजे.
गाळा घेऊन मी त्यात करणार काय, हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला. पाटीवर नाव माझं, आणि आत कोण?

गुरु. ६ मार्च
अकराला पावलं वाजली. आक्का. चष्मा लावला, डावी बाही उजेडात धरली.
"ह्यो तुझा हात व्हय?"
"हो."
"लई घट्ट ओढतीस. भांडल्यासारखं."
कात्री घेतली आणि माझं दोन दिवसांचं काम दोरा दोरा करून उसवलं. मी बघत बसले. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण एवढं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ती मान वर न करता म्हणाली, "चहा टाक."
पैशाचा विषय दोघींनीही काढला नाही.

शुक्र. १४ मार्च
ब्लाउज गेला. वडगावची बाई खूश, वर हजार रुपये जास्त दिले. "हात सोन्याचा हाय." या वेळी मी म्हटलं, "हात ह्यांचा आहे," आणि आक्काकडे बोट केलं. बाई दोघींकडे बघून हसली. तिला वाटलं मी मोठेपणा देतेय. खरं बोलूनही उपयोग झाला नाही.

रवि. १६ मार्च
आज आक्का काखेत गुंडाळी घेऊन खाली आली. दुधाची कॅलेंडरं. तीन वर्षांची. रोजच्या चौकोनात दुधाचा आकडा, आणि त्याच्या खाली कुठे एक, कुठे दोन बारीक टिंबं.
"ही काय टिंबं?"
"ब्लाउज. झाला की एक ठिपका."
तीन वर्षं! गॅस सिलिंडर कधी लावला, दूधवाला कधी आला नाही, आणि खाली माझा सगळा धंदा. मोजून बघ म्हणाली. मोजले. ३६२.
"माझ्या वहीत ३४७ आहेत," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.
"तुझी वही चुकलीया."
तासभर ताडून बघितलं. तिची नाही, माझीच चुकलेली. पंधरा ब्लाउज माझ्या माहेरचे. धाकट्या बहिणीचं लग्न, दोन्ही मावशा, चुलत बहिणी. पैसे घ्यायचे नव्हते म्हणून वहीत चढवलेच नव्हते. माहेरी सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. आक्कानं तेव्हा रात्रीचं जेवण करून पुन्हा खाली येऊन ते पुरे केले होते, हे मी साफ विसरले होते. ती विसरली नव्हती.
"मग त्या दिवशी पाकीट का नाही घेतलं?"
"तू भाव ठरीवलास. मला इचारलंस?"
"मग तुम्ही सांगा. किती?"
"सांगतो की. इचार करून सांगतो."

गुरु. २० मार्च
सांगितलं. सकाळी, भाजी निवडताना.
"मागचं नको. मागचं तुला दिलं. फुडचं निम्मं."
"निम्मं म्हणजे?"
"निम्मं म्हंजे निम्मं. गाळ्यात बी."
हातातली मेथी तशीच राहिली. निम्मं! क्लासची फी मी भरली. गिऱ्हाईक मी आणलं, रील मी काढल्या, रात्री-अपरात्री बायकांचे फोन मी घेतले. बँकेत जाऊन तोंड वेंगाडलं ते मी. ती फक्त बसून...
'बसून' लिहिलं आणि थांबले. हे सुहासचं वाक्य.
तरीही राग जात नाही. मजुरी मागितली असती तर कुठून तरी दिली असती. आणि तेव्हा मीच मोठी ठरले असते, हेही आहे.

मंगळ. २५ मार्च
म. मॅडम. सगळं सांगितलं, टिंबांसकट. पहिल्यांदाच हसल्या. "बाई हुशार आहेत. तुमच्यापेक्षा त्यांचीच नोंद चांगली."
पुढचं हसण्यासारखं नव्हतं. भागीदारी करायची तर करारपत्र, नवीन खातं, कर्जाचा अर्ज दोघींच्या नावानं पुन्हा पहिल्यापासून. बँकेचं उत्तर यायला दोन महिने सहज. गाळा तोवर थांबत नाही. अर्ज आहे तसा, माझ्या एकटीच्या नावानं, 'घरची माणसं करतात' लिहून ३१ च्या आत पुढे पाठवला तर गाळा मिळू शकतो.
"आणि एक," म्हणाल्या, "नफा निम्मा तर कर्जही निम्मं. हप्ता चुकला तर बँक त्यांच्याही दारात येणार. त्यांना हे सांगितलंय का?"
नाही सांगितलं. माझ्याही डोक्यात नव्हतं.

बुध. २६ मार्च
गाळेवाल्याचे दोन फोन. उचलले नाहीत. सुहास विचारतो काय चाललंय, सांगितलं नाही. दोन ब्लाउज उशिरा जाणार. भात करपला. दिवसभर कशालाच हात लागला नाही.

शुक्र. २८ मार्च
आज आक्काला सांगितलं. गाळ्याचं, दोन महिन्यांचं, कर्जाचं. हप्त्याचा आकडाही. "बुडालं तर तुमच्याकडेही येतील. दादांना सांगावं लागेल. सही लागेल."
आरी कापडात तशीच टोचून ठेवली तिनं. तीन वर्षांत तिला भ्यालेली कधी बघितली नव्हती, आज बघितली.
"बँक घरात येती व्हय?"
"हप्ते भरले तर नाही येत."
"ह्यांनी नगो म्हटलं तर?"
मला तेव्हाच म्हणता आलं असतं, मी समजावते दादांना. ते म्हटलं नाही.
"सोमवारपतोर येळ दे," म्हणाली. सहा वाजायचे होते, तरी उठून वर गेली.
गाळेवाल्याला फोन करून सोमवारी संध्याकाळी नक्की सांगते म्हटलं. मॅडमना दोन्ही कागद, माझ्या एकटीचा अर्ज आणि दोघींचा, तयार ठेवायला सांगितले.
आता वर दादांचा आवाज येतोय. शब्द कळत नाहीत. मी जिन्याखाली उभी राहून ऐकायचा प्रयत्न केला, मग लाज वाटून खोलीत आले आणि हे लिहायला बसले. ती नको म्हणाली तर गाळा माझा, सगळा माझा. तिनं काय म्हणावं असं मला वाटतंय, ते मला या वहीतसुद्धा लिहवत नाही.