खड्ड्यात की चढावर

बाबा, त्या कागदावर मी लिहिलेलं खोटं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि शेकडो माणसांसमोर बेधडक बोलणाऱ्या तुमच्या मुलीला एवढं एक वाक्य कधी बोलता आलं नाही.

वागळे इस्टेटमधलं ते गॅरेज, जिथे तुम्ही मिस्त्री होतात. दारात जुना डिझेल ट्रक उभा, आणि त्याचा तापमानाचा काटा वेड्यासारखा वागतोय. मध्येच लालला टेकतो, मध्येच तळाला पडतो. तुम्ही इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवता, काटा झटकन वर चढतो. "मीटर चांगला आहे," तुम्ही म्हणता. आता दोनच शक्यता. काटा खड्ड्यात उडत असेल तर वायर कुठेतरी सैल. चढावर आधी वर जाऊन मग कोसळत असेल तर पाणी कमी होतंय, सेन्सर कोरडा पडतोय. म्हणजे काटा थंड दाखवतो तेव्हाच इंजिन उकळतंय. हे भरलेली गाडी रस्त्यावर नेल्याशिवाय कळणार नव्हतं. चालवणार तुम्हीच, कारण तुम्हाला इंजिन ऐकायचं होतं. काटा बघून लिहायला मात्र कुणीतरी हवं होतं. ट्रकचा ड्रायव्हर हसला. "मिस्त्री, मला सही येते तेवढी पुरे. तुमच्या कॉलेजवाल्या ताईंना न्या की. एवढी भाषणं ठोकतात, एक काटा नाही बघणार?"

"खड्ड्यात हलतो की चढावर, एवढंच लिही गं," तुम्ही केबिनमध्ये मला म्हणालात. मुंब्रा बायपासचा चढ लागला तेव्हा माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीच्या स्पर्धेचं भाषण होतं. ओठ हलत होते, नजर खिडकीबाहेर. कल्याणला पोचलो तेव्हा कागद कोरा. तुम्ही चहा सांगायला उतरलात तेवढ्यात मी सगळ्या ओळी भरून टाकल्या. खड्ड्यात. खड्ड्यात. चढावर स्थिर.

माल तिथेच उतरला, रिकाम्या गाडीत परतताना काटा शांत होता. गॅरेजमध्ये इंजिन गार झाल्यावर तुम्ही रेडिएटर उघडून बोट घातलंत. पाणी कमी होतं. तुम्ही थबकलात, कागद पुन्हा वाचलात. चौथीपर्यंत शिकलेले तुम्ही, लिहिलेल्यावर तुमचा केवढा विश्वास! स्वतःच्या बोटापेक्षा माझ्या अक्षरावर. पाणी भरलंत, गळती न शोधता अर्थिंगची वायर घासून घट्ट केलीत आणि गाडी सोडलीत.

चौथ्या दिवशी त्याच चढावर गाडी ओढेना. ड्रायव्हरने बाजूला घेतली. काटा तळाला होता, म्हणजे इंजिन गार, असं समजून त्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी तोंडावर आलं. एक डोळा गेला, दुसऱ्याने जेमतेम दिसतं.

गॅरेज आणि ट्रक दोन्ही ज्याचे, त्या मालकाने तुम्हाला काढलं. मी गॅरेजच्या फाटकावर स्टुलावर उभी राहून बोलले. त्या गाडीची दुरुस्ती त्याने वर्षभर टाळली होती, हे खरंच होतं, आणि आजही मी ते छातीठोकपणे सांगेन. माणसं मरतात ती अशा टाळाटाळीने. लोक रडले, घोषणा झाल्या, माझं नाव त्या दिवशी झालं. तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे होतात.

घरी जेवताना विचारलंत, "चांगलं बोललीस. पण कागद नीट लिहिला होतास ना गं?"

"हो, बाबा."

"मग माझंच चुकलं." आणि भात कालवायला लागलात.

त्यानंतर तुम्ही पान्याला हात लावला नाहीत. ज्यांच्या कानावर अख्खी वागळे इस्टेट भरवसा ठेवायची, ते तुम्ही खोपटच्या एका इमारतीत वॉचमन झालात. दर रविवारी टिटवाळ्याला ड्रायव्हरच्या घरी जात राहिलात, शेवटच्या आजारपणापर्यंत. काय बोलायचात ते कधी सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात डोंबिवलीत माझी सभा होती. नातवाचा हात धरून एक म्हातारा स्टेजवर चढला. अर्धा चेहरा आवळलेला. "ताई, आवाजावरून ओळखलं बघा," तो म्हणाला. "मिस्त्री शेवटपर्यंत माझी माफी मागत होते. मी म्हणायचो, अहो, तुमचा काय दोष? पोरीने सांगितलं ना सगळ्यांना, दोष कुणाचा ते." त्याने हार वर धरला, माझं डोकं कुठे आहे ते चाचपत.

माइक माझ्या हातात होता, बाबा.

हे पत्र खरं तर टिटवाळ्याला नेऊन त्याला वाचून दाखवायला हवं. मी नेणार नाही. मी मान वाकवली, हार गळ्यात पडला, टाळ्या झाल्या, आणि मला बरं वाटलं.