डाव्या खुर्चीचं बोलणं

३ फेब्रुवारी
लवाद! आणि मी! पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली इंजिनीयर बाई आता न्याय करणार. भांडण हिवरखेडच्या जिनिंग फॅक्टरीचं. खुशालराव आणि पुंजाजी, जुने भागीदार, दोन वर्षांपासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत. फॅक्टरी कोणाकडे राहील ते मी ठरवायचं. पण आधी लिहून द्यायचं — दोघांशी नातं, व्यवहार, मैत्री, काहीच नाही. वऱ्हाडात हे सोपं आहे का! दोन गावं मागे गेलं की कोणीतरी कोणाचा साडू निघतोच. दिवसभर फोन करून खात्री केली. नाही निघाला. सही ठोकली.

९ फेब्रुवारी
पहिली बैठक, जठारपेठेत आमच्याच घरच्या हॉलमध्ये. लेखी दिलं की पुरतं, तरी उभी राहून मोठ्याने वाचलं — कोणाकडेही झुकणार नाही. पुंजाजी बघतच राहिले. "कोर्टात तं शपथ आमाले देतात. अन् इथं तुमीच घेता?" हो, मीच! मजा वाटली. थोडी भीतीही.

१० फेब्रुवारी
दोन्हीकडून संत्री आली. दोन्ही परत पाठवली. वास फार छान होता.

१७ फेब्रुवारी
खुशालराव मुद्देसूद बोलतात. पुंजाजींकडे सांगण्यासारखं काही नाहीच, असं मनात ठरत आलं होतं. निघताना त्यांची मुलगी प्राजक्ता दारात थांबली. "मॅडम, बाबा एवढे बोलले, तुमी एक प्रश्न नाही इचारला त्याईले. काहून?" चिडलेच मी! मग तेच डोक्यात. खुशालराव मला आवडतात का? छे, उलट आगाऊ वाटतात. मग झुकले कशी?

२४ फेब्रुवारी
गंमत म्हणून दोघांच्या खुर्च्या बदलल्या. पुंजाजी माझ्या डावीकडे, खुशालराव उजवीकडे. आणि काय! पुंजाजी भडाभडा बोलले — पहिलं मशीन स्वतः कसं बसवलं, बंद पडलं तेव्हा तिथेच कसे झोपले. आठवड्यात माणूस बोलायला शिकला? आणि खुशालराव आज नुसते पुटपुटत होते.

२५ फेब्रुवारी
अमरावतीहून अपेक्षाचा फोन. डाव्या हातात कढई, म्हणून उजव्या कानाला लावला. शांतता. कान बदलला तर लेक ओरडत होती, "आई, मी केव्हाची बोलून राहिली!"

कढई खाली ठेवली. बसले.

सगळी नोकरी पंपांच्या गोंगाटात काढली, उजवा कान तिथेच गेला असणार. नाती शोधत बसले, कानाचं कोणी विचारलंच नव्हतं! फार लाज वाटते आहे. पण सांगावं लागणार. सगळं पुन्हा ऐकेन. त्यांना मी नको असेन तर लवादपदावरून उठेन.

३ मार्च
सांगितलं. कोणी हसलं नाही. खुशालराव म्हणाले, "उठू नका मॅडम. आमी दोघंबी डाव्या बाजूलेच बसतो."

डावीकडे खुर्ची एकच मावते, म्हणून तिथे बाक ओढला. पुंजाजी आधी बसले, मग जागा देत सरकले.