बंद पाठीचे तीन हेडफोन आणि आमचा खर्ज

आदरणीय मातालेनाताईस,

धाकट्या नेमायाचा मांडी घालून, मान खाली घालून नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना ऑकलंडच्या थंडीत कसे आहे? दाजींची साखर खाली आली का? फिलिपोला मामाचा आशीर्वाद सांग. इकडे देवाच्या दयेने सर्व ठीक आहे, म्हणजे डुकरे ठीक आहेत, शेतातला टारो ठीक आहे, एसेताची कंबर ठीक आहे. मी शिकवतो त्या गायनमंडळाचे ठीक आहे की नाही हे मी गेले काही दिवस समजून घ्यायचा प्रयत्न करतो आहे, आणि तेच तुला लिहायला बसलो आहे.

तू पाठवलेले खोके आगबोटीने सालेलोलोगाच्या बंदराला आले आणि तिथून आयोपूच्या बसमधून डबाबंद माशांच्या पेट्यांवर बसून सुखरूप घरी पोचले. आत तीन हेडफोन होते, एक काळा, एक करडा, एक तपकिरी. फिलिपोने सोबत लिहिले होते की मामा, हे तिन्ही बंद पाठीचे आहेत, म्हणजे कानात वाजणारे बाहेर गळत नाही आणि बाहेरचे आत येत नाही. आधी ऑर्गन मुद्रित करायचा, मग तो कानात ऐकत मंडळींनी गायचे. तिन्ही घालून बघा, ज्याचा आवाज उत्तम आणि जो डोक्याला सुखाचा, त्याचे आणखी बारा पाठवतो. तुमच्या चर्चच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला बाबांनी बांधलेले गीत आपल्या गावच्या तोंडून वाजावे, ही तुझी इच्छा वाचून एसेता रडली (आणि मग म्हणाली, वन्संना सांगा सभागृहाचे फोटो पाठवायला).

पण ताई, फिलिपोने खाली जे लिहिले होते त्याने माझी मती गुंग झाली. आवाज उबदार आहे का ते बघा, उजळ आहे का, कोरडा आहे का, रुंद आहे का. मी त्या गीताचा ऑर्गन मुद्रित केला आणि तिन्ही लावून तोच ऐकला. काळा लावला तेव्हा काळा उत्तम वाटला. करडा लावला तेव्हा वाटले, छे, काळा कुठला, करडाच. तपकिरी लावला आणि आधीचे दोन्ही विसरलो. मग परत काळा लावला. दुपारपर्यंत मी एवढ्याच निष्कर्षाला आलो होतो की शेवटी घातलेला हेडफोन सर्वांत चांगला असतो. एसेताने तिन्हींच्या गाद्यांवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, उबदार तिन्ही आहेत, आपल्याकडे काय गार असते? रुंदीचे म्हणशील तर तिने डोक्याचे माप घेतले. तेव्हा मी ठरवले की हे एकट्याचे काम नव्हे, आणि मंडळातली तीन जाणती डोकी बोलावली. (इथेच चुकले.)

पहिले डोके माकेरिताचे. वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांची ती म्होरकी, हे तू जाणतेसच. पण तिचा अंबाडा तू गेल्यापासून वाढतच गेला आहे हे तुला ठाऊक नसेल. हेडफोनची कमान अंबाड्यावरून जाईना. पुढून घातली तर कपाळावर यायची, मागून घातली तर मानेवर लोंबायची, शेवटी तिने ती हनुवटीखालून घेतली आणि दातदुखीच्या रोग्यासारखी बसून राहिली. त्यात केसाला खोबरेल. गाद्या अशा सरकायच्या की सुरुवातीचे कडवे कानावर आणि पुढचे गालावर. करडा मात्र हलका म्हणून टिकला. तो लावून ऐकता ऐकता ती एकदम उठून बाहेर गेली, कारण तिला कुत्रे भुंकताना ऐकू आले होते. बाहेर कुत्रे नव्हते. ते ऑर्गनच्या मुद्रणात होते, आणि आजवर आम्हा कोणालाच ऐकू आले नव्हते. तेव्हापासून माकेरिता करड्याची.

दुसरे डोके बसवाल्या आयोपूचे. खर्जात गाणाऱ्यांत बाकावर टोकाला बसणारा, गरीब, कधी शब्द न बोलणारा. त्याने तिन्ही घातले आणि तिन्ही चांगले आहेत म्हणाला. तिसरे डोके खुद्द तुइलोमांचे. गावाच्या सभेत काठी घेऊन बोलायला उभे राहिले की खाली ठेवलेला कोको गार होईपर्यंत बसत नाहीत, तेच ते. आयोपूशेजारी बसून इतकी वर्षे खर्ज सांभाळणारे, आपल्या मंडळाचा खांब. त्यांचे डोके मोठे. करड्याने त्यांच्या कानशिलांना चिमटा घेतला, तपकिरी त्यांना बाईमाणसाचा वाटला. काळा घातला तेव्हा मात्र डोळे मिटले. यात खर्ज घुमतो, म्हणाले, बाकीच्यांत मी नाहीच. (मुद्रणात फक्त ऑर्गन होता, पण सभेतल्या मानकरी मताईला कोण सांगणार?)

मग मी म्हटले, बसून ऐकण्यात काय कळते, घालून गाऊन बघू या. फिलिपोने एका तारेला तीन फाटे दिले होते ते जोडले, तिघांच्या कानांवर तीन रंग चढवले, आणि ऑर्गन सुरू केला. ताई, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ऑर्गन त्यांच्या कानात वाजत होता. चर्चमध्ये काहीच वाजत नव्हते. आणि त्यांना एकमेकांचे ऐकू येत नव्हते. त्या शांततेत माकेरिता गाऊ लागली, हनुवटीला पट्टा असूनही सुरेख. तुइलोमा तोंड उघडून थांबले. मासा पाण्याबाहेर थांबतो तसे. मग घाईने शिरले, पण खर्जात नव्हे, माझ्या मधल्या पट्टीत. तिथून माकेरिताच्या ओळीत गेले, तिथून कुठे गेले ते मला अजून कळलेले नाही. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने सगळे मोठ्याने, गावाच्या सभेला ऐकू जाईल इतके मोठ्याने. आयोपूही घुटमळला, पण शेजारची ती गर्जना बंद पाठीतूनही आत शिरली असणार, असे मी धरून चाललो.

मागच्या बाकांवर गंमत बघायला आलेली मंडळी होती. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे, असे वाटावे इतकी ती शांतता वाईट होती. मला जे समजले ते सर्वांनाच समजले होते: इतकी वर्षे खांब शेजाऱ्याला टेकून उभा होता. आयोपूच्या मागून अर्धा श्वास उशिरा. तुइलोमांनी हेडफोन काढला, पुसला, टेबलावर ठेवला आणि उभे राहून भाषण केले. परदेशी वस्तूंविषयी, कानाच्या देवदत्त रचनेविषयी, आपल्या पूर्वजांनी ताऱ्यांवरून होड्या हाकल्या त्यांच्या कानावर काय होते याविषयी. सारांश एवढाच की तिन्ही हेडफोन सदोष आहेत. मग ते घरी गेले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांची भावंडे, सुना, जावई, म्हणजे आपले जवळजवळ अर्धे मंडळ.

पुढच्या तालमीला ती बाके रिकामीच. पाळकसाहेब मला म्हणाले, नेमाया, तुम्ही तोडगा काढा. माकेरिता म्हणाली, मास्तर, त्यांना सल्लागार करा, सल्ला द्यायला खर्ज लागत नाही. एसेता म्हणाली, तुम्ही काही करू नका, तुम्ही केले की वाढते. तिन्ही सल्ले मला बरोबर वाटले (हेडफोनसारखेच). बाबांचे गीत अर्ध्या मंडळाने गायचे, की पूर्ण मंडळाने चुकीचे गायचे, की गायचेच नाही? आणि तुला काय कळवायचे? माझे जेवण उतरेना, ताई. नारळाच्या दुधातली पालुसामीसुद्धा.

असा मी मागच्या चुलीपाशी नारळ खवत बसलो असताना तुइलोमा आले. काठी नाही, कोणी सोबत नाही, आणि पुढच्या बाजूने नाही, केळीतून. मी चटई टाकली. ते टारोविषयी बोलले, वादळाविषयी बोलले, तुझ्या गुडघ्यांची विचारपूस केली. मग खवलेल्या नारळाकडे बघत म्हणाले, "नेमाया, त्या काळ्यातून आवाज बाहेर जात नाही म्हणतात, ते खरं का रे?"

मी म्हटले, खरे आहे.

"थेंबभरसुद्धा नाही?"

"नाही, तुइलोमा."

आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना वाक्य शोधताना पाहिले. "मग तो चार दिवस माझ्याकडे राहू दे. तपासायचा आहे. आणि त्यात नुसता ऑर्गन नको. खर्ज घाल कुणाचा तरी. म्हणजे तपासायला बरं."

मी त्याच दिवशी बसच्या थांब्यावर आयोपूला गाठले आणि खर्जाची ओळ माझ्या फोनवर गायला लावली. तो इतका लाजला की पहिल्यांदा नुसता खाकरला. पण गायला. तो आवाज नि काळा हेडफोन मी झाकून तुइलोमांकडे पोचवला, जसा आजाऱ्याला सार पोचवावा.

आता ताई, तुइलोमांची फाले तुला आठवते. चर्चसमोर, उंच जोत्यावर, खांब आणि छप्पर, भिंत नावाला नाही. तिथे ते भर दुपारी काळा हेडफोन चढवून बसले आणि शिकू लागले. हेडफोनातून खरेच थेंबभर बाहेर आले नाही, फिलिपोला सांग. पण माणसातून यायचे ते आलेच. आपण मनातल्या मनात गुणगुणतो आहोत अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि इकडे समुद्राकाठच्या शेवटच्या घरापर्यंत खर्ज पोचत होता. चुकले की परत पहिल्यापासून. अख्ख्या गावाने तो खर्ज ऐकला, आणि अख्ख्या गावाने ऐकला नाही. बायका धुणे घेऊन त्यांच्या पुढून मान खाली घालून गेल्या. आयोपू त्यांच्या घरापाशी आला की बसमधली गाणी बंद करायचा आणि इतकी हळू न्यायचा की कोंबड्या पुढे जायच्या. मला त्याच्या चांगुलपणाने भरून आले. एके दिवशी सांजेच्या प्रार्थनेचा शंख वाजला, गाव जागच्या जागी बसले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि त्या पवित्र शांततेत एकच आवाज, दुसऱ्या कडव्याचा. शंख त्यांना ऐकूच आला नव्हता. प्रार्थनेच्या वेळी आवाज करणाऱ्याला दंड ठोठावणारे सभेत कोण, तर तेच. पहारा देणारी माणसे काय करतील म्हणून मी डोळे किलकिले करून पाहिले (प्रभू क्षमा करो). ती गावाच्या दुसऱ्या टोकाला काही फार महत्त्वाचे बघायला गेली होती.

रविवारी ते आपल्या बाकावर येऊन बसले, आणि त्यांच्या मागे बाकीची बाकेही भरली. मी हात वर केला. खर्जाची जागा आली आणि तुइलोमा शिरले, एकटे, कोणासाठी न थांबता. आयोपू त्यांच्याकडे बघत राहिला. ताई, तो आवाज म्हातारा झाला आहे, पण असा छातीतून आला की पाळकसाहेबांनी चष्मा काढला. गोंधळ इतकाच झाला की इतर खर्जवाले इतकी वर्षे त्यांच्या उशिराला धरून गात असल्याने, ते वेळेवर आले म्हणून बाकी सगळे चुकले. जेवणाच्या वेळी तुइलोमा काठी घेऊन उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केले की नीट तपासणीअंती काळा हेडफोन निर्दोष आहे. त्यांच्या डोक्यावर कमानीची खाच पडली होती. कोणी तिकडे पाहिले नाही.

तेव्हा फिलिपोला माझा अहवाल असा सांग: आवाजाला काळा उत्तम, असे तुइलोमा म्हणतात, करडा उत्तम, असे माकेरिता आणि ते कुत्रे म्हणतात, सुखाला तपकिरी उत्तम, असे एसेता म्हणते. ती तो कशालाही न जोडता घालते, मी तालमीच्या गोष्टी सांगू लागलो की. माझे स्वतःचे मत तो ज्या दिवशी विचारेल त्या दिवशी शेवटी कोणता घातला होता यावर आहे. तुझ्या तब्येतीला जप, आणि आमच्या सर्वांतर्फे दाजींच्या पाया पड. इथे सर्वजण तुझे नाव प्रार्थनेत घेतात. एसेता सभागृहाच्या फोटोंसकट घेते.

तुझा धाकटा,
नेमाया

ता. क. बारा हेडफोन पाठवू नका. अंबाड्यांचा प्रश्न सुटलेला नाही. आणि काळा परत मिळेल असे दिसत नाही; तुइलोमा आता तो घालून सभेला बसतात.

ता. क. पत्र बंद केले होते, ते परत फोडले आहे. आत्ता आयोपू येऊन गेला. बस रस्त्यातच उभी करून आला होता, आत माणसे बसलेली. माझ्यासमोर टोपी पिळत उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, रागावू नका. मी आजवर तुइलोमांच्या मागून गात आलोय. ते तोंड उघडायचे, की मी उघडायचो. तुम्ही फोन पुढे धरलात तेव्हा नाही म्हणता आलं नाही. ते काय गातील असं वाटलं, ते गायलो." मी त्याला विचारले, मग बस हळू का न्यायचास? तर म्हणाला, शिकत होतो. म्हणजे ताई, जे आयोपूने अंदाजाने गायले ते तुइलोमांनी पाठ केले, आणि तुइलोमांनी पाठ केलेले आयोपू बसमधून शिकला, आणि आता दोघांचे अगदी जुळते. बाबांनी बांधलेला खर्ज नेमका कसा होता, हे आपल्या गावात कोणालाच ठाऊक नाही.

ता. क. म्हणून खरी विनंती ही. बाबा तालीम घ्यायचे तेव्हा ऑर्गनचा भाता तू मारायचीस, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, आणि मी खिडकीबाहेर आंबे पाडायचो. तुला ते ओळीन् ओळ येत असणार. फिलिपोच्या यंत्रावर तो खर्ज तेवढा गाऊन पाठव, अगदी तुझ्या पट्टीत का होईना. रविवारी जे झाले त्याने लोकांच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि तुझे ऐकल्यावर चूक निघाली तर ती तुइलोमांना सांगायची की नाही, हे मला कळत नाही. म्हणून आत्ता फक्त मलाच पाठव. गाताना लाजू नकोस. ऐकणारा मी एकटाच असेन, आणि खर्जातली चूक मला कळत नाही हे आता सिद्ध झाले आहे.